वानराची स्मृती आणि माणसाचा न्याय

गेल्या मार्गशीर्षातील गोष्ट. सेलूहून एका सोयऱ्यांच्या गाडीने आम्ही देवगाव फाट्यापर्यंत आलो होतो आणि जालन्याच्या एस. टी.ची वाट पाहत चहाच्या टपरीसमोरील बाकावर बसलो होतो. फाट्याला गावपण नसते. असते ती केवळ वाट पाहणाऱ्या माणसांची वस्ती. एक रस्ता मंठ्याकडून येऊन जिंतुराकडे जातो, दुसरा सेलूवरून पाथरीकडे उतरतो, आणि ज्याला जेथे जावयाचे आहे तो तेथे नसून येथे असतो. अशा ठिकाणी रिकामपणामुळे डोळे उघडे राहतात. समोरच्या लिंबावर वानरांची एक टोळी निवांत बसली होती. एक वानरी दुसरीच्या पाठीवरील केस बाजूला सारून काहीतरी वेचीत होती, दोन पिल्ले एकमेकांचे शेपूट ओढीत होती, आणि सर्वांत वरच्या फांदीवर टोळीचा हुप्प्या एखाद्या निवृत्त मामलेदारासारखा पाठ फिरवून बसला होता. रस्त्यावरून ट्रक जात, मोटारसायकली जात, शाळेची पोरे आरडाओरडा करीत जात. टोळी ढिम्म हलत नव्हती. इतक्यात एक मोटारसायकल टपरीशी येऊन थांबली. तीवरील इसमाच्या हातात काही नव्हते, त्याने वर पाहिलेही नव्हते. तरी हुप्प्याने खोकल्यासारखा एक आवाज काढला आणि पाहता पाहता सबंध झाड रिकामे झाले.

“गोफणवाला हाय त्यो,” टपरीवाल्याने खुलासा केला. “हरभरा राखतो मळ्यात. लांबून वळखतेत त्याला.”

आमच्या शेजारी घोंगडी गुंडाळून बसलेल्या एका वृद्ध शेतकऱ्यांस हे विधान अपुरे वाटले. ते म्हणाले, “नुसतं वळखत न्हाईत, सर. डूख धरतेत. लवूळचं इसरलात व्हय?”

आम्ही हसलो. ते हसणे पुढे आम्हांस पुरते पचले नाही, आणि प्रस्तुत लेख हा त्या अपचनाचाच परिणाम आहे.

लवूळ हे गाव बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यात आहे. फाट्यावरून सेलू, पाथरी करीत गोदावरी ओलांडली की तो मुलूख लागतो. २०२१ सालच्या अखेरीस या गावाचे नाव एकाएकी देशोदेशीच्या वृत्तपत्रांत झळकले. गावकऱ्यांचे सांगणे असे की, कुत्र्यांनी वानराचे एक पिल्लू मारले. तेव्हापासून वानरे कुत्र्यांची पिल्ले उचलून नेऊ लागली, माळवदांवर आणि झाडांच्या शेंड्यांवर नेऊन तेथून खाली टाकू लागली, आणि गावात पिल्लू म्हणून उरले नाही. मेलेल्या कुत्र्यांचा आकडा अडीचशे सांगण्यात आला. तो मोजणीचा नव्हे, बोलाचालीचा आकडा होता, आणि पुढे त्याविषयी शंका घेणारी वृत्तेही आली; परंतु आकडा जितका लांब धावतो तितकी शंका धावत नाही. डिसेंबर महिन्यात वन खात्याने नागपूरचे पथक बोलावून दोन वानरे पकडली आणि दूरच्या जंगलात सोडण्याकरिता ती नागपुराकडे रवाना केली. या सर्व प्रकाराला वृत्तपत्रांनी जे मथळे दिले ते बहुतेक फौजदारी खटल्याच्या भाषेतील होते. वैर होते, सूड होता, आरोपी जेरबंद झाले होते. खटला मात्र कोठे चालला नाही.

डूख हा शब्द आपण मुख्यत्वे सापाविषयी वापरतो. शेपटीवर पाय पडला तर साप त्या माणसाचे रूप डोळ्यांत साठवून ठेवतो आणि वर्षानुवर्षे त्याचा माग काढतो, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. बापड्या सापाच्या मेंदूत असला संग्रह ठेवण्याची सोय नाही, हे तर्कशास्त्र शिकविताना दृष्टान्तादाखल आम्ही अनेक वर्षे विद्यार्थ्यांस सांगत आलो आहो. त्यामुळे त्या वृद्धांनी तोच शब्द वानराला लावताच आमचे हसू केवळ सवयीने बाहेर पडले. परंतु सापाबद्दलची समजूत चुकीची ठरली म्हणून वानराबद्दलचीही चुकीचीच ठरते, हे तर्कशास्त्र कोणत्या शाळेतले? गावाकडच्या माणसाचे एक विधान खोटे निघाले की त्याची सारीच विधाने खोटी मानावयाची, ही शिकलेल्या लोकांची खोड आहे, आणि तीत आळस पुष्कळ असतो.

आपल्या नैयायिकांनी स्मृती आणि प्रत्यभिज्ञा यांत भेद केला आहे. पूर्वी अनुभविलेल्या गोष्टीचा संस्कार मनावर राहतो आणि केवळ त्या संस्कारापासून जे ज्ञान उपजते ती स्मृती. समोर उभा असलेला हा इसम म्हणजे पूर्वी पाहिलेला तो देवदत्तच, असे जे ज्ञान जुना संस्कार आणि ताजे इंद्रियदर्शन यांच्या योगाने होते ती प्रत्यभिज्ञा. लिंबावरील हुप्प्याला झाली ती प्रत्यभिज्ञा, याबद्दल वाद नको. पण सूड घेणाऱ्याचे एवढ्याने भागत नाही. त्याला देवदत्ताचा मुलगा कोण, भाऊ कोण, हे ठाऊक असावे लागते; देवदत्ताने काय केले आणि कोणाचे केले हे तो समोर नसतानाही मनात धरावे लागते; आणि संधी येईपर्यंत ते विझू द्यावयाचे नसते. वानरकुलाला यांतील काय काय साधते, हा खरा प्रश्न आहे, आणि गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत त्याचे उत्तर शोधण्याचे पुष्कळ प्रयत्न झाले आहेत.

केनियातील अंबोसेली येथे डोरोथी चेनी आणि रॉबर्ट सेफार्थ या दांपत्याने व्हर्वेट जातीच्या माकडांवर केलेला एक प्रयोग १९८० साली प्रसिद्ध झाला. झुडपात ध्वनिवर्धक लपवून त्यांनी एका पिल्लाची किंकाळी ऐकविली. जवळ तीन माद्या होत्या. पिल्लाच्या आईने आवाजाच्या दिशेने पाहिले, हे साहजिकच होय. परंतु इतर दोघींनी पाहिले ते आईकडे. आवाजावरून पिल्लू कोणाचे हे ओळखणे आणि त्यावरून आता कोण उठणार हे ताडणे, एवढे सारे त्या एका मानेच्या हालचालीत आले. वाड्यात एखादे पोर भोकाड पसरते तेव्हा पडवीत निवडत बसलेल्या बायका ज्या दिशेने पाहतात, तीच ही दिशा. दुसरा पुरावा जपानी मकाक माकडांचा. १९९२ साली फिलिप्पो औरेली आणि त्यांचे सहकारी यांनी असे दाखविले की, बलवानाकडून मार खाल्लेले माकड थोड्या वेळाने त्या बलवानाच्या एखाद्या दुबळ्या नातलगाला गाठून त्याचे उट्टे काढते. हा मासला ओळखण्यास मराठी वाचकांस कष्ट पडू नयेत. आपल्याकडे त्याला भाऊबंदकी म्हणतात. तिसरा पुरावा चिंपांझीचा. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चिंपांझीसमोर असा मेज ठेवला की, दोरी ओढताच तो कोसळून वरचे खाद्य दुसऱ्याच्या हातचे जाई. शेजाऱ्याने आपले खाद्य चोरले तर चिंपांझी रागाने दोरी ओढी. परंतु शेजाऱ्याला ते माणसाने दिले असेल, तर तो दोरी तितक्या वेळा ओढीत नसे. म्हणजे चोराविषयी क्रोध आहे, पण निव्वळ दुसऱ्याचे पान भरलेले पाहून पोटात दुखणे तितकेसे नाही. या बाबतीत तो आपल्यापुढे दोन पावले आहे, असे आम्हांस राहून राहून वाटते.

ही ओळख राहते कोठे? मकाक माकडाच्या कानशिलाच्या आत, मेंदूच्या त्या पाळीवर, चेहऱ्यांपुरतेच राखून ठेवलेले लहान लहान पट्टे आहेत. २००६ साली डोरिस त्साओ, विन्रिच फ्राइवाल्ड आणि त्यांचे सहकारी यांनी त्यांतील एका पट्ट्याच्या पेशींची नोंद घेतली, तेव्हा जवळजवळ प्रत्येक पेशी चेहरा दिसला की चेते आणि फळ, घड्याळ किंवा भांडे दाखविले तर स्वस्थ राही, असे दिसून आले. त्याच पाळीच्या आतल्या बाजूस, समुद्रघोड्याच्या आकाराचा म्हणून ज्यास हिपोकॅम्पस म्हणतात, तो भाग आहे; अनुभवाची नोंद होते ती याच्या साह्याने. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी २०२३ साली मार्मोसेट नावाच्या इवल्याशा माकडाच्या हिपोकॅम्पसमध्ये अशा पेशी दाखविल्या की, ओळखीच्या एका विशिष्ट सोबत्याचा चेहरा दिसो वा आवाज ऐकू येवो, त्या दोहोंनी चेततात. डोळ्याची वाट निराळी, कानाची निराळी. दोन्ही वाटा जेथे मिळतात तेथे चेहराही नाही आणि आवाजही नाही, तेथे तो सोबती आहे. फाट्यावर बसून हे आठवताना आम्हांस मौज वाटली, कारण दोन वाटा मिळाव्यात आणि तेथे कोणीतरी वाट पाहत असावे, हे त्या दिवशी आमच्या नजरेसमोरच होते.

आणि हा संस्कार टिकतो किती काळ? २०२३च्याच डिसेंबरात चिंपांझी व बोनोबो यांच्याविषयी एक निबंध प्रसिद्ध झाला. एडिंबरो, बेल्जियम आणि जपान येथील वानरांस एकाच वेळी दोन चित्रे दाखवीत. एक पूर्वीच्या सोबत्याचे, दुसरे परक्याचे. आणि नजर कोठे किती वेळ ठरते ते मोजीत. जपानातील लुईज नावाच्या बोनोबो मादीने आपली बहीण लोरेटा आणि भाचा एरिन यांस सव्वीस वर्षांहून अधिक काळ पाहिले नव्हते. चित्रे दाखविताच तिची नजर वारंवार त्या दोघांवर जाऊन थांबे. या निबंधातील दुसरी गोष्ट आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. पूर्वीच्या सोबत्यांपैकी ज्यांच्याशी त्या वानराचे सख्य होते, त्यांच्याकडे ते अधिक वेळ पाही. आम्ही हा निबंध डूख शोधावयास उघडला होता. त्यात निघाली ती माया.

हे हाती घेऊन लवूळची हकीकत पुन्हा वाचावी. तेथील वानरे ही मकाकही नव्हेत आणि चिंपांझीही नव्हेत. ती आपली काळ्या तोंडाची, लांब शेपटीची वानरे, जगाच्या शास्त्रग्रंथांत हनुमान लंगूर या नावाने नोंदलेली. यांचा अभ्यास आपल्याच देशात झाला आहे. युकिमारू सुगियामा या जपानी संशोधकाने १९६०च्या सुमारास धारवाडच्या रानात, आणि सारा हर्डी या अमेरिकन विदुषीने १९७१पासून अबूच्या पहाडावर, या टोळ्यांमागे वर्षे घालविली. टोळीवर नवा हुप्प्या चालून आला म्हणजे तो पुष्कळदा आधीच्या हुप्प्याची पिल्ले मारतो, ही भयंकर गोष्ट त्यांच्यामुळे जगाला कळली. या गोष्टीचा बोभाटा फार झाला आणि तिच्या आड दुसरी एक गोष्ट झाकून गेली. ती ही की, वानरीचे पिल्लू जन्मापासून हातोहात फिरते. पहिल्याच दिवशी टोळीतील इतर माद्या, त्यांतही अजून आई न झालेल्या तरुण माद्या, ते आईच्या कुशीतून मागून घेतात, प्रसंगी ओढून घेतात, आणि मिरवीत फिरतात. हौस दांडगी, हात अडाणी. पिल्लू उलटे धरले जाते, फरफटते, फांदीला आपटते. ते ओरडू लागले की आई येऊन परत नेते.

कुत्रीला झाडावर चढता येत नाही.

आमच्या मते लवूळच्या प्रकरणातील कळ येथे आहे. बातम्या वाचल्या तर नेली गेली ती प्रामुख्याने पिल्ले. सूडच घ्यावयाचा असता तर वानराचे सुळे त्यास पुरेसे होते. पिल्लू काखेत मारून माळवदावर नेण्याचा खटाटोप कशासाठी? वर त्याला दूध मिळत नाही, पाणी मिळत नाही. नेणारीचे लक्ष दुसरीकडे गेले की ते वळवळत कडेला येते आणि पडते. खालून पाहणाऱ्यास दिसते ते इतकेच की, वानराने वर नेले आणि पिल्लू खाली पडून मेले. आता, पिल्लाच्या दृष्टीने या दोहोंत फरक काय, असे कोणी विचारील. काहीच नाही. मायेने पडले काय आणि वैराने पडले काय, त्याची हाडे सारखीच मोडतात. फरक पडतो तो न्याय करणाऱ्यास, आणि लवुळात न्याय करणारा माणूस होता. ज्या कृत्याचे दोन अर्थ संभवतात त्यातून त्याने आपल्या अंगवळणी पडलेला अर्थ निवडला. आपल्या गावांतून बांधावरून, पाटाच्या पाळीवरून, मानपानावरून जे चालते ते पाहता त्याने सूड निवडला यात नवल नाही.

परंतु आमचा तर्क बाजूस ठेवू. वादाकरिता असे धरू की वानरे सूडच घेत होती. मग ती अपराधी ठरतात काय?

बी. ए.च्या वर्गात आम्हांस जॉन लॉक शिकविला गेला. त्याने आपल्या प्रसिद्ध प्रबंधाच्या १६९४ सालच्या आवृत्तीत असे प्रतिपादिले आहे की, मागे जितके लांब आपले भान पोहोचते तितकी आपली व्यक्ती. काल जे केले ते मी केले असे ज्यास आठवते, त्यासच त्या कृत्याचा जाब विचारता येतो. लॉकच्या लेखी ‘व्यक्ती’ हा शब्द मुळी न्यायालयातलाच आहे. हे मत सोयीचे आहे खरे, पण वानरासमोर ते अडखळते. ज्या प्राण्याला सव्वीस वर्षांनी बहीण ओळखता येते त्याचे भान थोडेथोडके मागे जात नाही. मग त्याला पिंजऱ्यात उभे करावयाचे काय? येथे लॉकपेक्षा आपला फौजदारी कायदा शहाणा आहे. सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य तो अपराध मानीत नाही. सहा वर्षांच्या मुलाची स्मृती मंद असते म्हणून नव्हे. कोणी कोणती गोळी हिसकावून घेतली हे त्या वयात जितके लख्ख आठवते तितके पुढे कधीच आठवत नाही. परंतु आपले कृत्य समोर ठेवून ‘हे मी करावयास नको होते’ असे स्वतःस सांगण्याची शक्ती त्याच्या ठायी अजून आलेली नसते. स्मृतीवाचून अपराध नाही हे लॉकचे म्हणणे मान्य. पण स्मृती आली की अपराध आला, असे मात्र नव्हे.

त्याच सहा वर्षांच्या मुलाला कोणी मारले, घरातून उचलून परमुलखात नेऊन सोडले, तर तो मात्र अपराध होतो, आणि मोठा होतो. का? तर त्याला आई आठवते म्हणून. म्हणजे जी स्मृती त्याला आरोपी करण्यास अपुरी आहे, तीच त्याला फिर्यादी करण्यास पुरेशी आहे. वानराच्या बाबतीत आपण हे अगदी उलटे करून ठेवले आहे. कुत्र्यांचा सूड घेतला म्हणताना आपण त्याला माणसाइतकी स्मृती देतो, आणि पिंजऱ्यात घालून शेकडो कोस दूर सोडताना त्याला दगडाइतकीही देत नाही. वानराच्या टोळीत माद्या बहुधा जन्मभर आपल्या मायघरीच राहतात. मावश्या, बहिणी, भाच्या हेच त्यांचे जग. तेथून उचललेल्या मादीला नवे जंगल हिरवे असेल, त्यात फळेही असतील. पण तिच्या कानशिलाआड ज्या चेहऱ्यांसाठी जागा राखलेली आहे त्यांतील एकही चेहरा तेथे नसतो. बोट्स्वानातील बबून माकडांविषयी २००६ साली प्रसिद्ध झालेले एक निरीक्षण आहे. हिंस्र श्वापदाने जिचे निकटचे नातलग नेले अशा मादीच्या शरीरात क्लेशाचे रस वाढलेले दिसत, आणि पुढील काळात ती पूर्वीपेक्षा अधिक जणींच्या पाठीवरील केस विंचरीत बसे. या बसण्याला दुसरे नाव देता येईल, पण ते दिल्याने शास्त्रज्ञ रागावतील.

हे सर्व ज्ञान आपणांस कसे मिळाले, तेही सांगितले पाहिजे, नाही तर हिशेब एकतर्फी राहील. १९३८ साली क्लॅरन्स कार्पेंटर या अमेरिकन संशोधकाने आपल्या देशात पकडलेली चारशे नऊ तांबड्या तोंडाची माकडे जहाजाने नेऊन पोर्तो रिकोजवळील कायो सान्तियागो या बेटावर सोडली. त्यांचे वंशज आजही तेथे आहेत, आणि माकडांच्या समाजाविषयी जगाला जे ठाऊक आहे त्याचा मोठा हिस्सा त्या बेटावरचा आहे. मेंदूत बदामाच्या आकाराचा एक भाग असतो. भीती आणि समोरच्याची मर्जी ओळखणे यांच्याशी त्याचा संबंध आहे. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात त्या बेटावरील काही माकडांचा हा भाग काढून त्यांस पुन्हा टोळीत सोडण्यात आले. त्यांस टोळीत मिसळता येईना. कोणाला वाट द्यावी, कोणाची क्षमा मागावी, हे त्यांस कळेना. ती एकटी पडली आणि बहुतेक मेली. संगतीचे स्थान मेंदूत कोठे आहे, हे येणेप्रमाणे सिद्ध झाले. देशातून माकडे परदेशी पाठविणे आपण १९७८ साली बंद केले. तोवर किती गेली त्याचा विचार करवत नाही. पोलिओची लस त्यांच्यामुळेच तयार होऊ शकली, आणि ती लस आमच्या मुलांनी घेतली आहे, हेही खरे. तेव्हा फार मोठा आवाज काढण्याचा आम्हांस अधिकार नाही.

आणि आणखी एका कारणाने नाही. सहा वर्षांपूर्वी आमच्या वसाहतीत वानरांची एक टोळी येऊ लागली. गच्चीवरील वाळवणे गेली, सौर बंबाच्या नळ्या तुटल्या, एका वृद्ध बाई घाबरून जिन्यावरून पडल्या. वसाहतीने अर्ज करण्याचे ठरविले. आमची भाषा बरी म्हणून मसुदा आमच्याकडे आला, आणि त्यात ‘उपद्रवी’ हा शब्द आम्ही चार वेळा घातला. तिसरी सही आमची होती. यथाकाल माणसे आली, पिंजरा लागला, आत शेंगदाणे टाकले गेले. पाच वानरे सापडली आणि टेंपोतून गेली. उरलेली टोळी पांगली. एक अर्धवट वाढलेले पिल्लू मात्र पिंजरा जेथे ठेवला होता त्या फरशीवर येऊन बसू लागले. पिंजरा नव्हता, शेंगदाणेही नव्हते. सकाळी येई, दुपारपर्यंत बसे, मधूनच तोंड वर करून एक बारीक आवाज काढी आणि ऐकत राही. आमच्या मातोश्रींनी त्याच्यापुढे भाकरी ठेवून पाहिली. त्याने ती हुंगली देखील नाही. आठव्या की नवव्या दिवसापासून ते आले नाही. मातोश्री आम्हांस काही बोलल्या नाहीत. त्यांना अर्ज कोणी लिहिला हे ठाऊक होते.

मराठवाड्याला या बाबतीत दुसरी वागणूक माहीत नाही असे नव्हे. धाराशिव जिल्ह्यातील उपळा या गावी बत्तीस एकर जमीन गावच्या वानरांच्या नावे लागलेली आहे. २०२२ साली ही गोष्ट वृत्तपत्रांतून सर्वत्र झाली. कोणी केव्हा ही नोंद केली हे गावासही सांगता येत नाही, पण दारी आलेल्या वानरास तेथे कोणी विन्मुख पाठवीत नाही, आणि पूर्वी लग्नकार्यात पहिला मान त्यांचा असे. तारेला चिकटून वानर मेले तर त्याची मिरवणूक काढून तेरावे घालणारी गावे तर आपल्याकडे किती तरी आहेत. आम्ही हे भाबडेपणाचे समजत असू. मारुतीला जांबवंताने त्याच्या बळाची आठवण करून दिली तेव्हा कोठे त्याने समुद्र ओलांडला, ही कथा लहानपणी ऐकताना विसरणारा वानर होता हे आमच्या ध्यानात राहिले. आठवण करून देणाराही माणूस नव्हता, हे राहिले नाही.

फाट्यावर यांतील थोडेबहुत आम्ही त्या वृद्ध शेतकऱ्यांस सांगितले. बोनोबोची गोष्ट त्यांना आवडली. “सव्वीस वर्षं,” ते दोनदा म्हणाले. मग बराच वेळ गप्प राहून त्यांनी विचारले, “समदं खरं, सर. पर हरभरा कोन देनार?”

यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. ज्याचे दोन एकर आहेत आणि त्यात रब्बीचे एकच पीक आहे, त्यास बत्तीस एकरांची कथा सांगून काय होणार? आम्ही उलट विचारले की, मग आपण काय करता. त्यांनी घोंगडीची घडी उघडून आतली गोफण दाखविली.

“मारतो की. दगूड सोडतो. पर लागू देत न्हाई. त्यो मघाचा पोरगा हाय ना, त्यो लागू देतो.”

“त्यांना हा फरक कळतो?”

त्यांनी वर बोट केले. गोफणवाल्याची मोटारसायकल केव्हाच निघून गेली होती. लिंबावर टोळी परतत होती, आणि ज्या फांदीखाली आम्ही बसलो होतो त्याच फांदीवर एक वानरी पिल्लू पोटाशी धरून, शेपूट खाली सोडून, निवांत बसली होती. एस. टी. आली. आम्ही उठलो, ते तेथेच बसून राहिले, कारण त्यांची गाडी उलट दिशेची होती.